शब्दांच्या वादात पोलीस ठाणे कशाला?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत एक मागणी अलीकडे वारंवार वाचायला मिळते. बातम्यांखाली, समाजमाध्यमांवर आणि गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत राजकारणावर, समाजावर किंवा एखाद्या प्रकल्पावर वाटेल ते लिहिणाऱ्यांना पोलिसांनी ताबडतोब उचलावे, म्हणजे इतरांना जरब बसेल, असे या पत्रलेखकांचे म्हणणे असते. त्यांचा संताप खोटा नाही. मोबाइल उघडला की जी भाषा डोळ्यांपुढे येते, ती पाहून कोणाही सभ्य माणसाला उबग यावा. परंतु मी पालघर जिल्ह्यातील एका तालुका न्यायालयात फौजदारी वकिली करतो आणि या मागणीचे पुढे प्रत्यक्षात काय होते ते जवळून पाहतो, म्हणून तिला विरोध करणारे हे पत्र लिहीत आहे. एखाद्या मजकुरातून हिंसेला चिथावणी मिळत नसेल किंवा कोणाला धमकी दिलेली नसेल, तर त्या मजकुराला मजकुरानेच उत्तर द्यावे. पोलीस ठाणे ही त्या वादाची जागा नव्हे, एवढेच माझे म्हणणे आहे. देशातील सर्वोच्च न्यायालयही आज हेच सांगते, फक्त ते सांगणे ठाणे अंमलदाराच्या टेबलापर्यंत पोहोचलेले नाही.

ज्या वादांवरून तक्रारी होतात ते वाद मुळात कशावर असतात, हे आधी पाहिले पाहिजे. आमच्या भागात सध्या सर्वांत कडाक्याचे वाद झडतात ते वाढवण बंदरावरून. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये सुमारे ७६,२०० कोटी रुपयांच्या या बंदराला मंजुरी दिली आणि ऑगस्टअखेरीस पंतप्रधानांच्या हस्ते पालघर येथे त्याचे भूमिपूजन झाले. बंदराची कोणतीही बातमी आली की तिच्याखाली प्रतिक्रियांची रांग लागते. डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये जे बंदर नाकारले, तेच २०२३ मध्ये त्याला कसे चालले, असे एक जण विचारतो. रोजगारासाठी पोरे पहाटेची लोकल पकडून मुंबईला लटकत जातात, त्यांना दारात नोकरी मिळत असेल तर तुमच्या पोटात का दुखते, असे दुसरा खडसावतो. समुद्रात भराव पडला की पाण्याची ओढ कशी बदलेल आणि घोळ मासा कुठल्या बाजूला सरकेल, हे एखादा मच्छीमाराचा मुलगा असे समजावून सांगतो, की पर्यावरण अहवालाच्या जाडजूड खंडांतही ते इतके सोपे करून लिहिलेले सापडत नाही. मध्येच दोन-चार जण एकमेकांच्या आईबहिणींचा उद्धार करतात, हे खरेच आहे. पण त्या चार जणांसाठी उरलेल्यांची तोंडे बंद करायची असतील, तर ज्यांना जनसुनावणीत ध्वनिक्षेपक हाती मिळत नाही आणि ज्यांची पत्रे वृत्तपत्रांतही क्वचितच छापून येतात, त्या माणसांनी बोलायचे कुठे?

अशा वादातून गुन्हा कसा दाखल होतो तेही वाचकांना कळायला हवे. संध्याकाळच्या सुमारास पंचवीस-तीस जणांचा जमाव ठाण्यात येतो. पुढच्याच्या हातात त्या प्रतिक्रियेच्या स्क्रीनशॉटची झेरॉक्स असते, पुष्कळदा वरचा-खालचा संदर्भ कापलेली, कोणत्या वाक्याला उत्तर म्हणून ते वाक्य लिहिले गेले हे न दाखवणारी. ठाणे अंमलदाराला मजकूर शांतपणे वाचायला उसंत मिळत नाही. त्याला दारातला जमाव दिसतो आणि गुन्हा नोंदवला नाही तर उद्या बाजारपेठ बंद, हा इशारा ऐकू येतो. गुन्हा नोंदवला की जमाव पांगतो. म्हणजे मजकुरात काय आहे यापेक्षा दारात किती माणसे उभी आहेत, यावर कलम ठरते. त्यानंतर त्या मुलाला घरून बोलावून घेतले जाते आणि त्याचा मोबाइल जप्त होतो. पंचनाम्यात कंपनीचे नाव, रंग, आयएमईआय क्रमांक, ‘काचेला तडा गेलेला’ असे सगळे लिहून तो पाकिटात घालून लाखेने मोहोरबंद केला जातो आणि मुद्देमाल म्हणून पुढे न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे पाठवला जातो. त्याच मोबाइलवर बँकेचे ओटीपी येतात, त्यातच परीक्षेचे प्रवेशपत्र असते, वडिलांच्या औषधाच्या चिठ्ठ्यांचे फोटो असतात. तो सुपूर्तनाम्यावर, म्हणजे मागितला की हजर करण्याच्या लेखी हमीवर, परत मागायचा तर न्यायालयात अर्ज, त्यावर सरकारी वकिलांचे म्हणणे, मग तपासी अंमलदाराचा अहवाल, आणि मग पुढची तारीख. जामीन मंजूर झाला तरी सातबारा घेऊन उभा राहणारा जामीनदार शोधावा लागतो, आणि जमावाच्या धाकाने सख्खा काकाही पुढे येत नाही. पोरगा पोलीस भरतीची किंवा सैन्यभरतीची तयारी करत असेल, तर चारित्र्य पडताळणीत तो गुन्हा आडवा येतो. खटला पुढे टिकत नाही, अनेकदा उभाही राहत नाही. पण तोवर त्या घराची शिक्षा भोगून झालेली असते.

आमच्या पालघरचे नाव याच विषयात देशभर गेले, हे वाचकांना आठवत असेल. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्या ‘लाइक’ केल्या. तेवढ्यावरून दोघींना अटक झाली, आणि एकीच्या काकांच्या रुग्णालयाची मोडतोड झाली. पुढे संबंधित पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि गुन्हाही बंद करावा लागला. त्या दोघींवर लावलेल्या कलमांपैकी एक होते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ. २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमात ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचे’, ‘अत्यंत आक्षेपार्ह’ अशा मोघम शब्दांवर तीन वर्षांपर्यंतची कैद ठेवलेली होती. पालघरच्या घटनेने अस्वस्थ होऊन श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर व न्या. नरिमन यांच्या खंडपीठाने हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी घटनेचे संरक्षण त्यांना आहे आणि मजकूर तिसऱ्या पायरीवर पोहोचतो तेव्हाच राज्यसंस्थेला हात घालता येतो, असा त्या निकालाचा गाभा आहे. मराठी वाचकाला तो नीट समजावा म्हणून मी इतक्या विस्ताराने लिहीत आहे, कारण आपल्यापैकी बहुतेकांना अजून वाटते की ‘भावना दुखावल्या’ एवढे पुरेसे असते.

रद्द झालेले कलमसुद्धा पोलीस पुढे कित्येक वर्षे लावत राहिले, ही आणखी खेदाची गोष्ट. अखेर १२ ऑक्टोबर २०२२ रोजी सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या खंडपीठाला आदेश द्यावा लागला की ६६अ खाली कोणावरही खटला चालवता येणार नाही आणि प्रलंबित प्रकरणांतून त्याचा उल्लेख वगळावा. आता ते कलम मागे पडले, पण सवय गेलेली नाही. भारतीय न्याय संहितेची १९६ (समाजगटांत तेढ निर्माण करणे), २९९ (धार्मिक भावना दुखावणे), ३५३ (लोकांत गोंधळ माजवणारी विधाने) ही कलमे त्याच सहजतेने लावली जातात. यात कोणत्याही एका पक्षाला बोल लावून चालणार नाही. २०१२ मध्ये राज्यात आघाडीचे सरकार होते. मे २०२२ मध्ये शरद पवार यांच्यावरील मानल्या गेलेल्या एका काव्यमय पोस्टवरून एका अभिनेत्रीला महिन्याहून अधिक काळ कोठडीत राहावे लागले, तेव्हा महाविकास आघाडीचे होते. मे २०२५ मध्ये पुण्यातील एकोणीस वर्षांच्या एका विद्यार्थिनीने दुसऱ्याची इन्स्टाग्राम पोस्ट पुढे पाठवली, ती थोड्याच वेळात काढून टाकून माफीही मागितली, तरी तिला अटक झाली आणि महाविद्यालयानेही तिला काढून टाकले, तेव्हा महायुतीचे होते. मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला खडे बोल सुनावून तिची सुटका केली, म्हणून तिला परीक्षेला बसता आले. ज्याचे सरकार असते त्याला हा मार्ग सोयीचा वाटतो आणि विरोधात गेल्यावर त्याच मार्गाचे चटके बसतात, एवढाच काय तो फरक.

कोल्हापूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात शिकवणाऱ्या काश्मिरी प्राध्यापकाचे प्रकरण याहून बोलके आहे. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर ५ ऑगस्ट हा, म्हणजे अनुच्छेद ३७० हटवल्याचा दिवस, जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस असल्याचे लिहिले आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. हातकणंगले ठाण्यात गुन्हा दाखल झाला आणि उच्च न्यायालयानेही तो रद्द करण्यास नकार दिला. ते शब्द मलाही रुचलेले नाहीत, आणि अनेक वाचकांना ते संतापजनक वाटतील. तरीही ७ मार्च २०२४ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी हा गुन्हा रद्द केला. अनुच्छेद ३७० हटवण्याच्या निर्णयावर टीका करण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे आणि दुसऱ्या देशाला त्याच्या स्वातंत्र्यदिनी शुभेच्छा देणे हा गुन्हा ठरत नाही, असे सांगून आपल्या पोलीस यंत्रणेला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे शिक्षण देण्याची वेळ आली आहे, असेही न्यायालयाने नोंदवले. आपल्याला पटणारे बोलणे जपण्यासाठी कोणाला घटनेची गरज पडत नाही; ती पडते ती अशाच न पटणाऱ्या बोलण्यासाठी.

याचा अर्थ लिहिण्याला मर्यादाच नाही, असा मुळीच नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेने पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. मंगळवेढ्याकडून आलेल्या, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील त्या पाच जीवांचा कशाशीही संबंध नव्हता. जून २०१४ मध्ये पुण्यात हडपसरला एका तरुण संगणक अभियंत्याचा बळी गेला. फेसबुकवरील विटंबनेच्या मजकुराने चवताळलेल्या जमावाच्या हाती तो सापडला आणि त्या मजकुराशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. अमक्याला ठोका, तमक्या वस्तीत घुसा, असे सांगणारा मजकूर दिसला तर पोलिसांनी तासाभराचाही विलंब लावू नये. पण राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा आणली, हेही लक्षात घ्यावे. अफवेचा वेग रोखायला असा साधा तांत्रिक बदलही उपयोगी पडू शकतो आणि त्यासाठी कोणाला कोठडीत टाकावे लागत नाही. शिवाय जिथे पोलिसांनी खरोखर धावून जायला हवे तिथे ते जात नाहीत, हा माझा अनुभव आहे. राजकारणावर ठामपणे लिहिणाऱ्या स्त्रीला बलात्काराची धमकी येते, तिच्या घराचा पत्ता आणि मुलीच्या शाळेचे नाव जाहीर केले जाते, आणि ती ठाण्यात गेली की तिला सांगतात, ‘ताई, अकाउंट बंद करून टाका ना, कशाला या भानगडीत पडता?’ त्याच ठाण्यात नेत्याच्या अपमानाची फिर्याद मात्र रात्री बारालाही लिहून घेतली जाते. तिच्यासोबत जमाव नसतो, एवढाच तिचा गुन्हा.

तेव्हा प्रश्न उरतो तो मजकूर कोणत्या मापाने मोजायचा याचा. ते मापही आपल्याकडे जुने आहे. १९४६ साली नागपूर उच्च न्यायालयात न्या. विवियन बोस यांनी सांगितले होते की शब्दांचा परिणाम मोजताना समंजस, कणखर आणि धीराच्या माणसाची कसोटी लावावी; प्रत्येक विरोधी मतात धोका पाहणाऱ्या दुबळ्या, डळमळीत मनाच्या माणसाची लावू नये. २८ मार्च २०२५ रोजी खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात न्या. ओक आणि न्या. भुयान यांनी हीच कसोटी पुन्हा उचलून धरली, आणि त्यासोबत पोलिसांसाठी एक अगदी व्यवहार्य पायरीही सांगितली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) प्रमाणे तीन वर्षे किंवा त्याहून अधिक पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. बोलण्या-लिहिण्यावरून आलेल्या तक्रारींत गुन्हा नोंदवण्याआधी ही चौकशी करणे केव्हाही उचित, असे न्यायालयाने म्हटले. चौदा दिवस हा काळ या बाबतीत फार मोलाचा आहे. तेवढ्यात मूळ चर्चा वरपासून खालपर्यंत वाचता येते, कापलेला संदर्भ जोडता येतो, लिहिणाऱ्याला बोलावून त्याचे म्हणणे ऐकता येते, आणि मुख्य म्हणजे दारातला जमाव घरी गेलेला असतो. आमच्या तालुक्यात मात्र या पोटकलमाचा आधार घेऊन फिर्याद थांबवून धरल्याचे मला अद्याप दिसलेले नाही. उलट देशाचे सार्वभौमत्व धोक्यात आणण्याविषयीचे, जन्मठेपेपर्यंत शिक्षा असलेले न्याय संहितेच्या १५२ सारखे कलम सोबत जोडले की चौकशीची ही पायरीच टाळता येते, ही पळवाट मात्र लवकर सापडते. राज्याच्या गृह विभागाने याबाबत मराठीत स्पष्ट परिपत्रक काढून ते प्रत्येक ठाण्याला द्यावे, मोठे कलम का जोडले याचे लेखी कारण नोंदवणे बंधनकारक करावे, आणि मोबाइल जप्त करावाच लागला तर त्यातील मजकुराची प्रमाणित प्रत काढून घेऊन तो ठरावीक मुदतीत परत द्यावा, अशी माझी जाहीर मागणी आहे.

आपल्या काही वाचकांची आणखी एक सूचना असते, की प्रत्येकाला खऱ्या नावानेच लिहिण्याची सक्ती करावी. वरवर ती रास्त वाटते. पण याच मराठीत १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये संपादकाला लिहिलेली पत्रे छापून येत होती, आणि त्यांत ब्राह्मणांच्या रूढींवर, आळसावर, पोकळ विद्वत्तेवर जे आसूड ओढले गेले ते ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. नाव छापण्याची सक्ती असती तर ती पत्रे त्या मोकळेपणाने लिहिली गेली असती का? आज ग्रामपंचायतीतील घोटाळ्यावर लिहिणारा शिपाई, जातपंचायतीच्या बहिष्काराविरुद्ध लिहिणारी सून, कारखान्याच्या सांडपाण्याविषयी लिहिणारा तिथलाच कामगार, यांनाही तोच आडोसा लागतो. धमकी देणाऱ्याचा माग पोलीस न्यायालयीन मार्गाने काढू शकतात. त्यासाठी सगळ्यांचे बुरखे फाडण्याचे कारण नाही. आणि खरमरीत वादाची आपल्याला धास्ती वाटावी असे आपल्या इतिहासात काही नाही. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या दिवाणांवरील मजकुरासाठी टिळक आणि आगरकर बरोबर तुरुंगात गेले, पुढे तेच दोघे सामाजिक सुधारणेवरून एकमेकांवर तुटून पडले. आगरकरांची तर पुण्यात जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली. त्यांनी ‘सुधारक’मधून उत्तर दिले आणि लिहीत राहिले.

मजकूर गुपचूप काढून टाकण्याचा मार्गही सरकारला खुणावतो आहे, त्याविषयी थोडक्यात लिहितो. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा, हे सरकारच्याच तथ्यतपासणी कक्षाने ठरवायचे, असा नियम एप्रिल २०२३ मध्ये करण्यात आला होता. मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांच्यात त्यावर मतभेद झाले, आणि तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांच्या मतानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम रद्द झाला. ज्याच्यावर टीका झाली त्यानेच ती टीका खरी की खोटी हे ठरवू नये, हे तत्त्व आपल्याच राज्यातील न्यायालयाने राखले, याचा मला अभिमान आहे. सरकारकडे खरी माहिती असेल तर त्याने ती जाहीर करावी. त्याच्याएवढी साधने दुसऱ्या कोणाकडे आहेत?

शेवटी आपल्याकडे एक विनंती. आक्षेपार्ह मजकुराबद्दल अटक झाल्याची बातमी आपल्यासह सर्वच दैनिकांत ठळक येते, अनेकदा छायाचित्रासह आणि गावाच्या नावासह. तोच गुन्हा दोन-तीन वर्षांनी न्यायालयाने रद्द केला, तर त्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते, किंवा येतच नाही. अशा अटकेची बातमी देताना कोणते कलम लावले, प्राथमिक चौकशी झाली का, परवानगी कोणत्या अधिकाऱ्याची होती, हे आपल्या वार्ताहरांनी ठाण्यात विचारून छापावे. आणि ज्या पानावर अटकेची बातमी छापली असेल, त्याच पानावर गुन्हा रद्द झाल्याची बातमीही द्यावी.

आपला,
तालुका न्यायालयातील एक वकील
जि. पालघर